यकृतांतील चरबी आणि मधुमेह

आमच्या शास्त्राच्या वर्गांत भिंतीवर मानवी शरीराचें एक मोठें रंगीत चित्र टांगलेलें आहे. त्यांत उजव्या बाजूस बरगड्यांखालीं तांबूस तपकिरी रंगाचा जो मोठा अवयव दिसतो, त्याकडे विद्यार्थ्यांचें लक्ष सहसा जात नाहीं. हृदय कोठें आहे हें सर्वांस ठाऊक असतें. यकृताविषयीं प्रश्न विचारला कीं वर्ग शांत होतो. वास्तविक प्रौढ माणसाचें यकृत सुमारें दीड किलोग्रॅम वजनाचें असून शरीराच्या आंतील अवयवांत तेंच सर्वांत मोठें होय. मटणाच्या दुकानांत काळीज म्हणून जें मिळतें तें हेंच. कवितेंतलें काळीज मात्र बहुधा हृदय असतें, आणि हा घोटाळा आपल्या भाषेंत फार जुना आहे. या दुकानांतल्या काळजाचा मधुमेहाशीं काय संबंध आहे तें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

मधुमेह म्हटला कीं आपणांस स्वादुपिंड व इन्शुलिन हे शब्द आठवतात, आणि तें योग्यच आहे. १९२१ सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं आपले प्रयोग आरंभिले आणि १९२२ च्या जानेवारींत एका १४ वर्षांच्या मुलास पहिलें इन्शुलिन टोंचलें गेलें, ही हकीकत पुष्कळांनीं वाचली असेल. परंतु त्याच्या कितीतरी आधीं पॅरिस येथें क्लोद बेर्नार या शास्त्रज्ञानें एक निराळीच गोष्ट दाखवून दिली होती. केवळ मांसावर ठेवलेल्या कुत्र्याच्या यकृतांतून बाहेर पडणाऱ्या रक्तांत त्यास साखर आढळली. अन्नांत साखर नाहीं, मग ती आली कोठून? १८५५ सालीं त्यानें ताज्या यकृतामधून पाण्याचा प्रवाह सोडून तें इतकें धुतलें कीं त्यांत साखरेचा अंशही उरला नाहीं. तें तसेंच ठेवून दुसऱ्या दिवशीं पाहिलें, तों त्यांत पुन्हा साखर तयार झालेली! दोन वर्षांनीं, १८५७ मध्यें, ज्या सांठ्यापासून ही साखर होते तो पदार्थ त्यानें वेगळा काढला. तोच ग्लायकोजेन. यकृत हें साखरेचें कोठारही आहे आणि कारखानाही आहे, हें तेव्हांपासून मान्य झालें.

रात्रीं आपण झोंपतों, मेंदू मात्र झोंपेंतही साखर मागतच असतो. ती यकृत पुरवितें. उलट जेवणानंतर आंतड्यांतून ज्या मोठ्या शिरेनें साखर यकृतांत येते, त्याच शिरेंत स्वादुपिंड आपलें इन्शुलिन सोडतें. म्हणून इन्शुलिनचा हुकूम सर्वांत आधीं यकृतास पोहोंचतो. हुकूम असा : बाहेरून साखर आली आहे, तूं आपला कारखाना थांबव आणि आलेला माल सांठवून ठेव. निरोगी यकृत हा हुकूम तात्काळ पाळतें.

हें सर्व मी वीस वर्षें फळ्यावर लिहीत आलों आहें. चार वर्षांपूर्वीं मुतखड्याच्या शंकेनें माझी सोनोग्राफी झाली. खडा निघाला नाहीं, परंतु अहवालाच्या तळाशीं ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ असे शब्द होते. चौकशी केली तेव्हां, ‘अहो, हें हल्लीं सर्वांनाच असतें,’ असें उत्तर मिळालें, आणि मीही समाधानानें तो कागद कपाटांत टाकला. पोट दुखत नव्हतें, भूक लागत होती. मग काळजी कसली? गेल्या वर्षीं एका तपासणींत उपाशीपोटीं रक्तांतील साखर १३४ निघाली. पुन्हा पाहिली तरी तीच गत. (ती १२६ वा अधिक असली म्हणजे मधुमेह समजतात.) मी डॉक्टरांशीं वादच घातला. रात्रीं दोन भाकऱ्या खाऊन निजलों, सकाळपासून पाण्याशिवाय कांहीं घेतलें नाहीं, मग ही साखर आली कोठून? हा प्रश्न बेर्नारची गोष्ट दरवर्षीं रंगवून सांगणाऱ्या शिक्षकानें विचारावा, याची लाज मला घरीं येतांना वाटली.

ती यकृतांतूनच आली होती. ग्लायकोजेनच्या सांठ्यास मर्यादा आहे. तो भरला कीं उरलेल्या साखरेची यकृत चरबी बनवितें. प्राचीन मिसर देशांतील थडग्यांच्या भिंतींवर हंसांच्या चोंचींत बळेंच चारा कोंबणारीं माणसें कोरलेलीं आहेत. पुढें रोमन लोक अंजिरें चारून हंसांचें यकृत फुगवीत, आणि इटालियन व फ्रेंच भाषांतला यकृतवाचक शब्द मूळच्या अंजिरावरूनच आला आहे. अंजिरांत चरबी नाहींच म्हटलें तरी चालेल, असते ती साखर. हंसाला जें बळेंच चारावें लागे, तें आपण शीतपेयाच्या बाटलीनें राजीखुषीनें करतों. शिवाय पोटांत सांठलेली चरबीही वितळून रक्तावाटे यकृताकडे येत असते.

यकृताच्या वजनाच्या शेंकडा पांचांहून अधिक चरबी झाली म्हणजे त्यास चरबीयुक्त यकृत म्हणतात. अशा यकृताला इन्शुलिनचा हुकूम नीट ऐकूं येईनासा होतो. कारखाना रात्रभर चालू राहतो व सकाळची साखर चढते. हुकूम पाळला जात नाहीं असें पाहून स्वादुपिंड अधिक इन्शुलिन पाठवितें. आणि चमत्कार असा कीं साखर थांबविण्याबाबत बहिरें झालेलें यकृत चरबी बनविण्याबाबत मात्र तोच हुकूम इमानानें पाळतें! चरबी वाढते, बहिरेपण वाढतें, पुन्हा इन्शुलिन वाढतें. कांहीं वर्षांनीं स्वादुपिंड थकतें. ज्याच्या यकृतांत चरबी आहे त्यास मधुमेह होण्याचा संभव सुमारें दुप्पट असतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे : प्रौढपणीं होणाऱ्या मधुमेहाच्या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिकांच्या यकृतांत चरबी असते, आणि मधुमेहामुळें तें यकृत सुजून कठीण होण्याचा धोका वाढतो. लहान मुलांस बहुधा जो मधुमेह होतो तो निराळा; त्यांत इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. आपल्या वर्गांत असा सोबती असल्यास त्याच्या खाण्याला कोणीं दोष देऊं नये.

यकृत बिघडलें म्हणजे माणूस दारू पितो, असा एक समज घरोघर असतो व त्यापायीं कांहीं सज्जन अहवाल लपवितात. १९८० सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें लुडविग व त्यांचे सहकारी यांनीं दारू न पिणाऱ्या वीस रोग्यांच्या यकृतांत दारुड्यांच्यासारखीच विकृति दाखवून दिली. २०२३ मध्यें या रोगाचें नांवच बदलून शरीरांतील चयापचयाशीं त्याचा संबंध त्या नांवांत आणण्यांत आला. आपल्या सरकारनेंही २०२१ पासून मधुमेह, कर्करोग व हृद्रोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत यकृताच्या या रोगाचा समावेश केला आहे.

मी तर सडपातळ म्हणून ओळखला जाणारा. पोट तेवढें सदऱ्याखालीं थोडें पुढें. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ सालीं ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत आला होता. उंची-वजनाचा अंक दोघांचाही २२.३, परंतु शरीरांतील चरबी युडकिन यांची शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांची २१.२. वरून बारीक व आंतून चरबीदार ही आपल्याकडील ठेवण आहे. म्हणून वजनकाट्यावर विसंबून चालत नाहीं. कंबरेभोंवतीं फीत धरून पाहावी.

आशेची गोष्ट ही कीं यकृतांत ही चरबी शेवटीं न येतां सर्वांत आधीं जाते. इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें प्रा. रॉय टेलर यांनीं २०११ सालीं अकरा रोग्यांस आठ आठवडे अत्यंत अल्प आहारावर ठेवलें. सात दिवसांतच त्यांची सकाळची साखर ठिकाणावर आली, कारण यकृतांतील चरबी तेवढ्यांत सुमारें तीस टक्के उतरली होती. पुढें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत वजन उतरविणाऱ्या गटांतील शेंकडा ४६ जण वर्षाअखेर औषधावांचून मधुमेहमुक्त राहिले. त्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आंतला होता, हें लक्षांत ठेवावें. असा आहार कोणींही घरच्या घरीं आरंभूं नये; औषध चालू असतां साखर एकाएकीं खालीं जाऊन जिवावर बेततें.

माझ्यापुरतें सांगावयाचें तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें चहांतली साखर व बेकरीचे पदार्थ बंद केले, भात अर्ध्यावर आणला, एकादशीची साबुदाण्याची खिचडीही सोडली (ती उपवासाची असली तरी यकृताच्या दृष्टीनें तो निव्वळ पिष्टाचा डोंगर आहे), आणि रोज संध्याकाळीं पाऊण तास चालूं लागलों. आठ महिन्यांत सात किलो वजन उतरलें. परवांची उपाशीपोटींची साखर १०३ होती. कपाटांतला तो जुना कागद मीं आतां वर्गांतील त्या चित्राशेजारीं लावून ठेवला आहे.