सूक्ष्मनियंत्रकास ईथरनेटची जोड

ईथर ह्या शब्दाचा इतिहास मौजेचा आहे. प्रकाशलहरी वाहून नेणारा सर्वव्यापी पदार्थ म्हणून शास्त्रज्ञांनी तो कल्पिला. परंतु मायकेल्सन व मॉर्ले यांच्या १८८७ मधील प्रयोगात त्याचा मागमूस लागला नाही. पुढे १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी अमेरिकेत संगणक परस्परांशी जोडण्याची पद्धती योजिली, तेव्हा विज्ञानाने टाकून दिलेले तेच नाव तिला दिले.

गव्हाणच्या मुलांस ईथरनेट हवे आहे ते खाडीसाठी. भरतीचे पाणी बांधाशी किती चढले, हे शाळेतील संगणकावर कळावे अशी त्यांची इच्छा. बांध फुटून खारे पाणी खाचरात शिरले म्हणजे भाताचे काय होते, हे खारपाटातील माणसास सांगणे नलगे.

उंची मोजण्यास आर्डुइनो उनो हा सूक्ष्मनियंत्रक पुरेसा आहे. त्याचा आकडा जाळ्यावर धाडण्यासाठी ईएनसी२८जे६० ह्या चिपची लहानशी पट्टी स्वस्तात मिळते. तिचा वेग सेकंदास १० मेगाबिट. सहा तासांत चढणाऱ्या पाण्यास तो पुष्कळ झाला.

उनोच्या १३ क्रमांकाच्या टोकास पट्टीवरील एससीके, १२ ला एसओ, ११ ला एसआय व १० ला सीएस जोडावे. एससीके ठेका धरते. एसआयवरून निरोप पट्टीकडे जातो, एसओवरून परत येतो. सीएसचे काम हजेरीसारखे आहे : नाव पुकारल्यावाचून पट्टी बोलत नाही. हे टोक कोणते, ते प्रोग्रॅममध्येही तसेच लिहिलेले असावे.

खरी मेख विजेत आहे. पट्टीस ३.३ व्होल्ट लागतात, आणि उनोवर त्या नावाचे टोक आयतेच असते. म्हणून विद्यार्थी सहजच तेथे तार लावतात. परंतु निरोप धाडताना चिप १८० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकते, व त्या टोकाची मर्यादा अवघी ५० ची. मग दिवा लागतो, क्षणभर सारे चालते, आणि पट्टी मूक होते. अशा वेळी प्रोग्रॅम पुनःपुन्हा खोडणे व्यर्थ होय. ३.३ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा द्यावा आणि दोहोंची ग्राउंडची तार एकत्र जोडावी. संदेशाच्या तारांची चिंता नको : चिपची आदान-टोके ५ व्होल्ट सोसतात, आणि तिचे ३.३ व्होल्टचे उत्तर उनोस समजते.

ईथरनेटचा एक लखोटा १५१८ बाइटांपर्यंत मोठा असू शकतो, आणि उनोची कामाची स्मृती २०४८ बाइट. चिपजवळ स्वतःची ८ किलोबाइटांची कोठी आहे, म्हणूनच हा संसार निभतो. मात्र ह्या चिपला कारखान्यातून पत्ता मिळत नाही. सहा बाइटांचा पत्ता आपणच द्यावयाचा. दोन गटांनी एकच पत्ता उतरून घेतला, तर एकाचे टपाल दुसऱ्याच्या दारी जाईल.

तांब्याच्या केबलची मजल १०० मीटर. बांध त्याहून दूर असेल तर मध्ये स्विच हवा, व त्यासही वीज हवी. तूर्त मुलांनी प्रयोगशाळेतच बादलीत पाणी चढवून-उतरवून आकडे ताडून पाहावेत.