म्हणीचा दृष्टांत आणि आपले दार्ष्टांतिक



म्हणींचा उपयोग आपण सर्वजण करतो. म्हणींचा अभ्यास मात्र क्वचितच कोणी करतो. शेतात, माजघरात, बाजारात, पंचांच्या बैठकीत प्रसंगी एखादी म्हण तोंडातून निघते आणि तिच्यासरशी विचारही संपतो. म्हण आली की निकाल लागला, अशी आपली समजूत असते. वस्तुतः विचाराला आरंभ तेथूनच व्हावयास पाहिजे. सद्गुण, कष्ट आणि नेटके जगणे या विषयांवर आपल्या पूर्वजांनी जे अनुभवाने जाणले, ते त्यांनी म्हणींत साठवून ठेवले आहे. प्रस्तुत पाठात त्यांतील तीन प्रसिद्ध म्हणी घेऊन प्रत्येकीतील एकेका पदाचा विचार करावयाचा आहे.

१. म्हणीचे स्वरूप

आपल्या अभ्यासकांना दृष्टांतपाठाची रचना परिचित आहे. केसोबासांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथात ११४ दृष्टांत असून प्रत्येकाची सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तीन अंगे आहेत. सूत्र सिद्धांत सांगते. दृष्टांत तो व्यवहारातील उदाहरणाने डोळ्यांपुढे उभा करतो. दार्ष्टांतिक त्या उदाहरणाचा सिद्धांताशी संबंध जोडून देते. सूत्र आणि दृष्टांत ही श्रीचक्रधरस्वामींची वचने, तर दार्ष्टांतिक हे केसोबासांचे. जन्मांधांनी हत्ती चाचपून पाहिल्याचा दृष्टांत सर्वांना ठाऊक आहे. त्याचे दार्ष्टांतिक ज्याच्या ध्यानी आले नाही, त्याच्याजवळ केवळ हत्तीची गोष्ट उरते.

या दृष्टीने पाहता म्हण हा दार्ष्टांतिकावाचून राहिलेला दृष्टांत होय. लोकांनी उदाहरण तेवढे जपले आणि ते कोठे लावावयाचे हे ऐकणाऱ्यावर सोपविले. त्यामुळे एकच म्हण दोन विरुद्ध ठिकाणी लागू शकते. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे गुप्तदान करणारा म्हणतो आणि आपला दोष लपविणाराही म्हणतो. मूठ तीच, परंतु मुठीत काय आहे ते म्हण सांगत नाही. मोल्सवर्थच्या कोशाने, १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅनवेअरिंगच्या संग्रहाने आणि पुढे दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाने मराठी म्हणी जतन करून आपल्यावर मोठे उपकार केले आहेत. तथापि म्हणीचे दार्ष्टांतिक कोणत्याही कोशात सापडणार नाही. ते ज्याचे त्याने आपल्या आचरणात शोधावयाचे असते.

२. 'पेरावे तसे उगवते' : 'तसे' या पदाचा विचार

ही म्हण सामान्यतः अशी सांगितली जाते की, कष्ट करणाऱ्याला भरपूर मिळते आणि न करणाऱ्याला मिळत नाही. परंतु म्हणीत 'तितके' हे पद नाही. 'तसे' हे पद आहे. 'तितके' हे मापाचे पद, 'तसे' हे जातीचे पद. चाड्यावर मूठ धरणारी बाई ज्वारी सोडते तेव्हा ज्वारीच उगवणार, बाजरी उगवणार नाही, एवढेच वचन ही म्हण देते. खळ्यावर रास किती मोठी पडेल, याविषयी ती मौन पाळते. कारण रास ही पावसावर, जमिनीवर, रोगकिडीवर आणि बाजारावरही अवलंबून असते.

हा भेद न केल्यास म्हणीचे शस्त्र होते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पीक हातचे गेले. ज्यांनी वेळेवर नांगरट केली, कुळवाच्या पाळ्या दिल्या, निवडून बी ठेवले, तेच लोक दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते आणि मातीची घमेली वाहत होते. त्यांच्या पेरणीत कोणती खोट होती? अशा माणसाला 'पेरावे तसे उगवते' हे ऐकविणे म्हणजे त्याच्या दुःखावर दोषाचा भार चढविणे होय. श्रम करूनही ज्याचे हात रिकामे राहिले त्याला उपदेशाची नव्हे, कामाची आणि अन्नाची गरज असते. पुढे १९७७ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

मग 'तसे' या पदाचे दार्ष्टांतिक कोणते? सद्गुणाचे फळ सद्गुणाच्याच जातीचे असते. प्रामाणिकपणा पेरला तर विश्वास उगवतो. धन उगवेलच असे नाही. क्षमा पेरली तर अंतःकरणाची शांती उगवते. समोरचा मनुष्य सुधारेलच असे नाही. जो धनाच्या आशेने प्रामाणिकपणा पेरतो, तो ज्वारी पेरून बाजरीची वाट पाहतो. धन न मिळाल्यास 'सचोटीत काही अर्थ नाही' असे तोच म्हणू लागतो. त्याच्या निराशेचे कारण सचोटीत नसून अपेक्षेत आहे.

३. 'थेंबे थेंबे तळे साचे' : 'साचे' या पदाचा विचार

या म्हणीत आपले लक्ष थेंबाकडे जाते. थोडे थोडे करीत गेल्यास पुष्कळ होते, हा अर्थ खरा आहे. परंतु तो अर्धा आहे. म्हण 'पडे' असे म्हणत नाही, 'साचे' असे म्हणते. पाऊस माळावरही पडतो आणि तळ्यातही पडतो. माळावरचे पाणी वाहून जाते आणि तळ्यातले राहते, याचे कारण थेंबात नसून पाळीत आहे. पाळ फुटकी असेल तर मुसळधार पावसानेही तळे भरत नाही.

गृहस्थाने याचे दार्ष्टांतिक संसारात पाहावे. वर्षभर घाम गाळून मिळविलेले धन एका लग्नाच्या मानपानात किंवा एका व्यसनात निघून जाते, तेव्हा कष्ट कमी पडले नसतात; पाळ फुटलेली असते. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण येथे पाळीचे काम करते. साधकाने हेच आपल्या साधनेत पाहावे. पहाटेचे नामस्मरण, दिवसाचे पठण, संध्याकाळचे मनन हे थेंब होत. वाणीचा संयम ही पाळ होय. चार घटका स्मरण करून पाचव्या घटकेला जो परनिंदेत रमतो, त्याच्या तळ्यात ओल तेवढी दिसते, पाणी दिसत नाही. म्हणून थेंब वाढविण्यापूर्वी भोक कोठे आहे ते शोधावे.

४. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' : 'खाटल्यावरी' या पदाचा विचार

ही म्हण उपहासाची आहे आणि कित्येकदा तिचा रोख भिक्षूकडे असतो. कष्ट न करता देवाच्या भरवशावर खाणारा, असा तिचा अर्थ लावून लोक हसतात. साधकांनी यावर रागावू नये. म्हणीने उपहास हरीचा केलेला नाही, खाटेचा केला आहे. श्रद्धा हा तिचा विषय नव्हे. श्रद्धेच्या पांघरुणाखाली लोळणारा आळस हा तिचा विषय आहे.

स्वामींनी साधकाला सांगितलेला आचार पाहिला, तर त्यात खाटेला जागाच नाही. अटन आहे, विजन आहे, दारोदार जाऊन मागितलेली भिक्षा आहे, स्मरण आहे. हे सर्व श्रमच होत. मात्र भिक्षेच्या झोळीत पडणारा प्रत्येक घास कोणाच्या तरी घामाचा आहे, हे विसरून जो भिक्षू जेवतो, त्याने घर सोडले तरी खाट बरोबर आणली असे समजावे. उलट, जो गृहस्थ भिक्षूला हसतो आणि स्वतः मात्र ग्रह फिरण्याची वाट पाहत शेत पडीक ठेवतो, त्यानेही ही म्हण प्रथम आपल्या अंगणात नेऊन पाहावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दुखण्याने किंवा वार्धक्याने जो खरोखरीच खाटेला खिळला आहे, त्याला ही म्हण कदापि लागत नाही. त्याला खाटल्यावरी देणे हा शेजाऱ्यांचा धर्म आहे.

५. म्हण लावण्याचा नियम

वरील तिन्ही विचारांतून एक नियम निघतो. म्हणीचे दार्ष्टांतिक प्रथम स्वतःवर लावावे. दुसऱ्यावर लावण्याची घाई करू नये. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण आपल्या घरांत म्हणी कशा वापरल्या जातात याचाच दृष्टांत आहे. बोलायचे एकीला आणि लागायचे दुसरीला. त्यात लेकही सुधारत नाही आणि सूनही सुधारत नाही, मात्र घराची शांती जाते. बाप मुलाला आळसाची म्हण ऐकवितो, सासू सुनेला काटकसरीची ऐकविते, निरूपणकार श्रोत्यांना दंभाची ऐकवितो. ऐकणाऱ्याच्या मनात तेव्हा एकच प्रश्न उभा राहतो: हे सांगणाऱ्याच्या घरी काय उगवले आहे?

नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला, तो सामान्य परिवाराला ज्ञानाला मुकावे लागू नये म्हणून. सामान्य परिवाराने जपलेले हे लहान दृष्टांतही त्याच आदराने अभ्यासावेत. म्हण आरशासारखी आहे. आरसा दुसऱ्याच्या तोंडापुढे धरला की त्याला राग येतो. आपल्यापुढे धरला की आपला मळ दिसतो आणि धुता येतो.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपण कोणता सद्गुण पेरून त्यापासून दुसऱ्याच जातीच्या फळाची अपेक्षा करीत आहोत?
२. आपल्या तळ्याची पाळ कोठे फुटली आहे?
३. मागील आठ दिवसांत आपण दुसऱ्याला ऐकविलेली म्हण आठवावी. ती आपल्याला किती लागू पडते?

या तीन प्रश्नांची उत्तरे कोणाला सांगावयाची नाहीत. स्वतःशी खरी द्यावयाची आहेत.

दंडवत प्रणाम.