सायझिंगच्या धुरापासून मागाच्या धुळीपर्यंत

पर्यावरणाचे नाव काढले की आमचे कारखानदार बंधू समजतात, हा मोठ्या गिरण्यांचा आणि सरकारी साहेबांचा विषय आहे. चोवीस मागांच्या शेडवाल्याचा त्याच्याशी काय संबंध? आमच्या मते संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे. मालेगाव, भिवंडीसारख्या गावांत माग आणि राहते घर यांच्यामध्ये पुष्कळदा एकच भिंत असते. कारखान्यातून जे बाहेर पडते ते आधी आपल्याच मजुराच्या छातीत आणि मग शेजाऱ्याच्या घरात जाते. शेजाऱ्याच्या हक्काविषयी इस्लामची ताकीद किती कडक आहे, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

प्रथम सायझिंग घेऊ, कारण मोठा दोष तेथेच आहे. ताण्याचे सूत मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात व वाफेने तापलेल्या सिलिंडरवरून वाळवतात. वाफेसाठी बॉयलर आणि बॉयलरसाठी जळण लागते. लाकूड, कोळसा महागला की काही ठिकाणी भट्टीत प्लास्टिकचे भंगार, जुन्या चपला, रबर असे मिळेल ते टाकले जाते. काळ्या धुराच्या तक्रारी मालेगावात आणि भिवंडीत वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. प्लास्टिकमध्ये पीव्हीसी असेल तर त्यातील क्लोरीनपासून जळताना आम्लाची वाफ आणि डायऑक्सिन नावाचे विष तयार होते. हे विष शरीराच्या चरबीत साठते आणि वर्षानुवर्षे निघत नाही. धर्माचा व कायद्याचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी तीच आम्लाची वाफ बॉयलरच्या नळ्याही खाते. जळणात वाचलेला पैसा नळ्या बदलण्यात जातो, आणि मोहल्ल्याची बद्दुआ वेगळी.

जळण खरोखर वाचवायचे असेल तर सिलिंडरमधून वाफेचे जे गरम पाणी होऊन निघते ते गटारात सोडू नये, बॉयलरच्या टाकीत परत घ्यावे. बॉयलरला जाणारे पाणी ६ अंशांनी अधिक गरम असले की सुमारे १ टक्का जळण वाचते. ३० अंशांचे पाणी ६० अंशांवर आणले तर ५ टक्के वाचले. वाफेच्या उघड्या नळांना उष्णतारोधक गुंडाळणे आणि गळके व्हॉल्व्ह बदलणे ही कामे गावातला मिस्त्री करू शकतो.

दुसरी गोष्ट खळीची. सुताला हवी तेवढी खळ लावलीच पाहिजे. पण काही जण पातळ कापडाला अंग आणि वजन यावे म्हणून जास्तीची खळ चढवतात. मदीनेच्या बाजारात पैगंबर (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले, आणि त्यांनी व्यापाऱ्याला जाब विचारला, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. जास्तीची खळ ही त्याच जातीची गोष्ट आहे असे आम्हाला वाटते. त्यात नुकसान फक्त गिऱ्हाइकाचे नाही. मालेगावचा कोरा माल रंगाई-छपाईसाठी राजस्थानात पाली, बालोतऱ्याला जातो. तेथे रंगापूर्वी ही सारी खळ धुऊन काढावी लागते, आणि प्रोसेसच्या सांडपाण्यातील घाणीचा मोठा भाग या धुण्यातूनच येतो. पालीची बांडी नदी आणि बालोतऱ्याजवळची लुणी या पाण्याने खराब झाल्या, शेतकरी कोर्टात गेले. तिकडचे प्रोसेस हाऊस बंद पडले की इकडे कोऱ्याचे गठ्ठे पडून राहतात. तमिळनाडूत तिरुपूरच्या नोय्यल नदीबाबत असेच झाले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या आदेशाने तेथील रंगाईचे शेकडो कारखाने बंद झाले आणि सारा बाजार हादरला. खळ मोजून लावणे हा म्हणूनच धंद्याच्या सुरक्षेचाही प्रश्न होय.

आता मागाची शेड. कापसाच्या धुळीने छाती आवळते, हा रोग पिंजाई व कताईच्या खात्यांत अधिक आढळतो, पण मागावरही धूळ काही कमी नसते. इंग्रजी पुस्तकांत त्याला सोमवारचा ताप म्हणतात, कारण रविवारच्या सुटीनंतर पहिल्या दिवशी त्रास जास्त होतो. आपल्याकडे मागाला सुटी शुक्रवारची. म्हणून मजूर शनिवारी छाती जड झाल्याची तक्रार करू लागला तर त्याला आळशी समजू नये, डॉक्टरकडे पाठवावे. धागा तुटू नये म्हणून शेडमध्ये ओलावा हवा, त्यासाठी खिडक्या बंद ठेवतात आणि धूळ आतच फिरते. झाडूने किंवा हवेच्या पाइपने माग झाडला तर ती आणखी उडते. ओल्या फडक्याने पुसावे, आणि पाइप लावायचाच असेल तर माग बंद असताना, मजूर बाहेर असताना.

धोट्याच्या मागांचा आवाज अनेक शेडमध्ये ९० डेसिबलच्या वर जातो. ९० डेसिबल ही मर्यादा ८ तासांच्या कामासाठी मानली जाते, आणि आपली पाळी १२ तासांची! मजूर कानात कापूस कोंबतात (कापसाची काय कमी), पण त्याने आवाज फारसा अडत नाही. बाजारात मिळणारे कानाचे बूच द्यावेत. मागाच्या पायांखाली रबराचे जाड तुकडे बसवले आणि झिजलेले पिकर वेळेवर बदलले तर भिंतीपलीकडचा हादरा कमी होतो. २००० सालच्या ध्वनी नियमांनुसार वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोहल्ल्यात रात्रपाळी चालवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पलीकडे कोणी आजारी असतो, कोणाची परीक्षा असते.

यासाठी पैसा कोठून आणायचा, असे विचारले जाईल. एक हिशेब देतो. जुनी ट्यूब तिच्या चोकसह सुमारे ५५ वॅट खाते, एलईडी २० वॅट. २४ ट्यूब रोज २० तास जळत असतील तर महिन्याच्या २६ दिवसांत जवळजवळ ४३७ युनिट वाचतात. पत्र्याच्या छतात चार-सहा पारदर्शक पत्रे बसवले तर दिवसा तेवढेही दिवे लागत नाहीत, आणि बाकीच्या पत्र्यावर उन्हाळ्यापूर्वी चुना मारला तर आतली गरमी कमी होते. आधी ट्यूब बदलाव्यात. पुढच्या काही महिन्यांच्या बिलात जे वाचेल त्यातून कानाचे बूच आणि रबराचे तुकडे घ्यावेत. सायझिंगवाल्याशी भाव ठरवताना मात्र भट्टीत काय जळते, हे पहिल्याच दिवशी विचारावे, आणि शक्य तर स्वतः जाऊन पाहावे.