आकाशातील रुग्णसेवक

एस.टी. घाट चढू लागली की कानांत दडे बसतात. आवंढा गिळला की कान मोकळे होतात आणि आपण ते विसरूनही जातो. उंचावर हवेचा दाब कमी होतो, म्हणून कानातील हवा प्रसरण पावते, एवढेच त्याचे कारण. पण हीच हवा जखमी सैनिकाच्या छातीत, फुप्फुसाबाहेर अडकलेली असेल तर? आणि तो घाटात नव्हे, विमानात असेल तर?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांना शिकावेच लागते, ती माणसे म्हणजे अमेरिकेच्या हवाई दलातील वैद्यकीय तंत्रज्ञ. जखमींना विमानातून दूरच्या रुग्णालयात सुखरूप पोहोचवणे हे त्यांचे काम. नेहमीच्या पथकात दोन परिचारिका (हे काम पुरुषही करतात) आणि तीन तंत्रज्ञ असतात, डॉक्टर नसतो. रुग्ण अत्यवस्थ असेल तरच डॉक्टरांचे वेगळे पथक सोबत येते.

ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात रुजली. केंटकी राज्यातील बोमन फील्ड येथून उड्डाण-परिचारिकांची पहिली तुकडी 18 फेब्रुवारी 1943 रोजी शिकून बाहेर पडली. त्या काळी एका विमानात बहुधा एक परिचारिका आणि एक तंत्रज्ञ, एवढेच असत.

आता या तंत्रज्ञांची तालीम पाहू. उर्दूत तुम्ही शिक्षणाला तालीम म्हणता. मराठीत तालीम म्हणजे सराव किंवा व्यायामशाळा. इथे दोन्ही अर्थ लागू पडतात! टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ येथे आधी सैनिकी शिक्षण होते. मग त्याच शहरात रक्तस्राव थांबवणे, मलमपट्टी करणे, रुग्णाला उचलणे हे शिकवतात. विमान कोसळले तर रानात किंवा पाण्यात जीव कसा जगवावा, हेही शिकावे लागते. पण खरी विद्या मिळते ती ओहायो राज्यातील राइट-पॅटरसन तळावर. हवाई दलाची ही वैद्यकीय शाळा 2011 मध्ये टेक्सासहून तेथे आली.

तेथे पहिला धडा हवेचा. उडत्या विमानाच्या आत साधारणपणे 8,000 फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढाच दाब राखतात. जमिनीवर 100 मिलिलीटर असलेली हवा तेथे सुमारे 135 मिलिलीटर होते. छातीत अडकलेली हवा अशी वाढली, तर फुप्फुस दाबले जाऊन रुग्ण गुदमरतो. म्हणून उड्डाणापूर्वीच छातीत नळी घालून तिला वाट करून देतात. डोळ्यात किंवा कवटीत हवा शिरली असेल तर वैमानिकाला आतील दाब जास्त ठेवण्यास सांगतात. मग विमान बरेच खालून न्यावे लागते आणि इंधन जास्त जळते.

दुसरा धडा स्वतःच्या शरीराचा. कमी दाबाच्या बंद खोलीत 25,000 फुटांवरची हवा निर्माण करतात आणि शिकणाऱ्यांना प्राणवायूचा मुखवटा काढायला लावतात. सोपी बेरीज चुकू लागते, नखे निळी पडतात. गंमत अशी, की माणसाला मात्र आपण अगदी ठीक आहोत असे वाटते. तीच खरी धोक्याची गोष्ट! तेथे तीन ते पाच मिनिटांत माणूस कामातून जातो. म्हणून नियम कठोर आहे: विमानातील दाब अचानक गेला, तर आधी स्वतःचा मुखवटा, मग रुग्णाचा. समोर रुग्ण तडफडत असताना हा नियम पाळणे किती जड जात असेल!

विमानाच्या सांगाड्यात पुतळ्यांना रुग्ण मानून सराव चालतो. सी-17 विमानात स्ट्रेचरवरचे 36 रुग्ण नेता येतात. इंजिनाच्या आवाजात स्टेथोस्कोपचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून छाती वरखाली होते का, ओठांचा रंग बदलतो का, हे डोळ्यांनी आणि हातांनी ओळखावे लागते. शाळा संपली तरी खऱ्या उड्डाणात परीक्षकासमोर कसोटी द्यावीच लागते.

विमान उतरू लागण्यापूर्वी हे तंत्रज्ञ एक साधे काम करतात. ज्या रुग्णांना उठवता येईल, त्यांना झोपेतून हलकेच जागे करतात. झोपेत माणूस फारसा आवंढा गिळत नाही, आणि उतरताना कानांचे दुखणे चढतानापेक्षा जास्त असते.