मैत्रीचा जमाखर्च

(सभासद अभ्यासवर्गासाठी पाठ : भारत-रशिया व्यापार, तंत्रविद्या आणि संरक्षण)



उसाच्या भरणीला आपण पोटॅशची गोणी फोडतो, तेव्हा ती आली कुठून याचा विचार सहसा करीत नाही. म्युरेट ऑफ पोटॅश आपल्या देशात निघत नाही, ते सगळे बाहेरून येते. कॅनडा, रशिया, बेलारूस, इस्रायल, जॉर्डन असे विकणारे देश मोजकेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटले आणि त्या वर्षी पन्नास किलोची गोणी १,७०० रुपयांच्या घरात गेली. लढाई तिकडे आणि भुर्दंड शिरोळ-कागलच्या शेतकऱ्याला! म्हणून परराष्ट्र व्यवहार हा दिल्लीवाल्यांचा विषय, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून चालत नाही.

दोन देशांची मैत्री भाषणांत आणि फोटोंत दिसते. ती खरी कळते मात्र तीन वह्यांत : मालाची वही, विद्येची वही आणि हत्यारांची वही. भारत आणि रशिया यांच्या या तीन वह्या आज उलगडून पाहू.

१. जुनी ओळख

आपल्या मुलखात रशियन माणूस आला तो व्यापारी म्हणून. १४७० च्या सुमारास अफानासी निकितीन चौल बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला पोचला. त्याच्याजवळ विकायला एक घोडा होता. त्या काळी घोडा म्हणजे लढाईचा माल. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला, तो मध्यस्थीने परत मिळाला आणि शेवटी बीदरला विकला गेला. इथे मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण आमच्या देशाच्या उपयोगाचा माल नाही, शिवाय जकात भारी, अशी तक्रार निकितीनने लिहून ठेवली आहे. “तुमच्याकडून आम्ही घ्यायचे तरी काय?” हा त्याचा प्रश्न पुढे साडेपाचशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला. तो कसा, ते पुढे येईलच.

२. रुपयाचे खाते

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे डॉलरची चणचण होती. यंत्रे हवीत, पोलाद हवे, पण परकीय चलन नाही. अशा वेळी सोव्हिएत रशियाशी १९५३ मध्ये व्यापार करार झाला. १९५५ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि १९५९ मध्ये तिथली पहिली भट्टी पेटली. पवईची आय. आय. टी. १९५८ साली सुरू झाली, तीही युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत मदतीने.

पैसे कसे भागवायचे? १९५८ च्या करारापासून हा व्यवहार रुपयांत होऊ लागला. ही पद्धत आपल्या सभासदाला समजायला सोपी आहे. आपण कारखान्याकडून खत-बियाणे उधारीवर घेतो, हंगामात ऊस घालतो आणि बिलातून वजावट होते. रोख पैसा मध्ये फारसा फिरत नाही. तसेच हे. रशियाने यंत्रे दिली की त्याचे रुपये भारतातल्या त्यांच्या खात्यावर जमा व्हायचे. त्याच रुपयांतून ते आपला चहा, कॉफी, काजू, कातडी माल, कापड, औषधे उचलायचे. डॉलर लागायचा नाही.

याचा फायदा मोठा होता. पण एक दोषही होता. गिऱ्हाईक बांधलेले असले की माल चोख ठेवायची सवय मोडते. कुठलाही ऊस घ्यायचाच असे ठरले, तर पाचट साफ करायची तसदी किती जण घेतील? काही निर्यातदारांचे तसेच झाले.

३. ओझरचा धडा

आता हत्यारांची वही. अमेरिकेने पाकिस्तानला एफ-१०४ जातीची लढाऊ विमाने दिली होती. आपल्याला तोडीस तोड विमान हवे होते, आणि नुसते विकत नको तर इथे बनवायला हवे होते. सोव्हिएत रशिया त्याला तयार झाला. १९६२ च्या ऑगस्टमध्ये मिग-२१ चा व्यवहार ठरला. लगेच ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. देवराष्ट्राचे, आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेले, सहकाराला बळ देणारे यशवंतराव १९६३ साली नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले, आणि १९६४ मध्ये त्यांनी सोव्हिएत रशियाचा दौरा केला. मिग विमानाचा कारखाना नाशिकजवळ ओझरला झाला. इंजिने ओरिसात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक सामान हैदराबादला, अशी वाटणी झाली.

हा कारखाना ज्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, तिचे मूळ १९४० साली बंगळूरला निघालेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत आहे. ती काढली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. ज्यांनी वालचंदनगरला साखर कारखाना उभारला, तेच हे वालचंद. तेव्हा साखर आणि विमान यांचे नाते आपण समजतो तितके लांबचे नाही.

ओझरला काम पायरीपायरीने चालले. प्रथम रशियातून आलेले सुटे भाग नुसते जोडायचे. मग काही भाग इथे करायचे. त्यापुढे कच्च्या मालापासून विमान बनवायचे. मिग-२१ नंतर मिग-२७ आले, आणि २००० सालच्या करारानंतर सुखोई-३० एमकेआय. ओझरला तयार झालेले पहिले सुखोई २००४ मध्ये हवाई दलाला मिळाले.

पण परवान्याखाली बनवणे आणि स्वतः आखणे यांत फरक आहे. परवाना म्हणजे खंडाने कसलेली जमीन. पीक तुमचे, कष्ट तुमचे, पण बांध हलवायचा तर मालकाला विचारावे लागते. ओझरच्या कारागिरांचा हात तयार झाला, ही कमाई खरीच. मात्र विमानात मोठा फेरबदल करायचा किंवा ते दुसऱ्या देशाला विकायचे, तर मालकी मॉस्कोची. आपल्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर या बाबतीत वेगळ्या वाटेने गेले. परक्या यंत्राचे मर्म जाणून त्यांनी १९१८ च्या सुमारास स्वतःचा सिनेकॅमेरा बनवला आणि चित्रपट काढले. काम लहान असेल, पण मालकी पुरी!

४. १९७१ आणि १९९१

९ ऑगस्ट १९७१ रोजी दिल्लीत भारत-सोव्हिएत मैत्री करार झाला. सह्या सरदार स्वर्णसिंग आणि ग्रोमिको यांच्या. कोणा एकावर हल्ला झाला वा हल्ल्याची भीती उभी राहिली, तर दोघांनी तातडीने विचारविनिमय करावा, असे त्याचे नववे कलम सांगत होते. फौजा पाठवण्याचे वचन त्यात नव्हते. तरीही डिसेंबरच्या बांगला देश युद्धात, अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाले असताना, आपण एकटे नाही हा आधार या कराराने दिला. सुरक्षा समितीतही सोव्हिएत नकाराधिकार आपल्या कामी आला.

वीस वर्षांनी चित्र पालटले. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघच मोडला. विमानाचा एक भाग रशियात, दुसरा युक्रेनात, तिसरा आणखी कुठे, अशी गत झाली. आपल्या हवाई दलाची मालवाहू एएन-३२ विमाने बनवणारी संस्था तर कीव्हची. सुट्या भागांसाठी धावाधाव झाली. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेल्या निर्यातदारांचे ट्रक थांबले. जुने कर्ज किती रुपयांचे धरायचे यावर वाद झाला, कारण रूबल कोसळला होता. १९९३ च्या जानेवारीत येल्त्सिन दिल्लीला आले तेव्हा तोड निघाली : मोठा हिस्सा बारा वर्षांत आणि उरलेला पंचेचाळीस वर्षांत बिनव्याजी, आणि फेड मालाच्या रूपाने. त्याच वेळी नवा मैत्री करार झाला, त्यात ते नववे कलम राहिले नाही.

मैत्री मोडली नाही हे खरे. पण मित्राचेच घर पडले तर आपल्या घराचे काय, याची तजवीज आपण आधी केली नव्हती.

५. भागीचा धंदा

पुढचा टप्पा मात्र शहाणपणाचा निघाला. १९९८ मध्ये ब्राह्मोस क्षेपणास्त्रासाठी दोन्ही देशांनी भागीत कंपनी काढली. भारताचा वाटा ५०.५ टक्के, रशियाचा ४९.५. नावही भागीतलेच : ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या नद्यांवरून. पहिली चाचणी १२ जून २००१ रोजी झाली. ब्राह्मोस घेऊन उडू शकेल असा बदल सुखोईत ओझरलाच करण्यात आला आणि २०१७ मध्ये विमानातून मारा यशस्वी झाला. २०२२ मध्ये फिलिपाईन्सने हे क्षेपणास्त्र घेण्याचा करार केला आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिला माल पोचता झाला.

म्हणजे बघा, साठ वर्षांपूर्वी आपण सुटे भाग जोडत होतो. आज भागीदार म्हणून तिसऱ्याला विकतो. मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओझरहून पहिले तेजस मार्क-१ए उडाले. त्याचे इंजिन अमेरिकन आहे, पण आखणी आपली.

६. आजचे खाते

स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या हिशेबाप्रमाणे २०१० ते १४ या काळात आपल्या शस्त्रआयातीत रशियाचा वाटा ७२ टक्के होता. २०२० ते २४ मध्ये तो ३६ टक्क्यांवर आला. टोपल्या वेगवेगळ्या केल्या, हे बरे झाले. एस-४०० यंत्रणेचा करार २०१८ मध्ये झाला, पण रशिया स्वतः युद्धात गुंतल्यावर पुरवठा लांबला, हेही आपण पाहिले.

मालाच्या वहीत मात्र तोल गेला आहे. २०२२ पासून रशियाचे खनिज तेल स्वस्त मिळू लागले आणि आपण ते भरपूर घेतले. २०२४-२५ मध्ये दोन्ही देशांचा व्यापार सुमारे ६८.७ अब्ज डॉलर झाला. त्यात आपली विक्री पाच अब्जही नाही. बाकी सगळी खरेदी! मे २०२३ मध्ये गोव्याला आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव यांनी सांगितले की, अब्जावधी रुपये भारतीय बँकांत साचले आहेत आणि ते वापरता येत नाहीत, ही अडचण आहे. पूर्वी याच रुपयांतून त्यांचा चहा-काजू निघत होता. आज तेवढा माल आपण देत नाही. निकितीनची तक्रार पुन्हा दारात आली ती अशी.

शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने याच तेलाचे कारण सांगून भारतीय मालावर २५ टक्के जादा कर लादला. एका मित्राकडे खरेदी केली की दुसरा रुसतो, त्याचीही किंमत धरावी लागते.

७. आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट, खरेदीबरोबर विद्या पदरात पडते का ते पाहावे. तेल जळून जाते, ओझरच्या कारागिराचा हात राहतो. दुसरी, गिऱ्हाईक आणि पुरवठादार एकच ठेवू नये. तिसरी, खाते दोन्ही बाजूंनी चालते राहावे. समोरच्याला लागणारा चांगला माल आपल्याजवळ नसेल, तर मैत्री उधारीवर येते.

यात आपला वाटाही आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने २०२५ मध्ये गाठला. आसवनीतून निघालेला प्रत्येक लिटर काही ना काही परकी तेल वाचवतो. माती परीक्षण करून लागेल तेवढेच पोटॅश टाकले, मळीपासून मिळणारे पोटॅश वापरले, तर तेवढीच आयात कमी. देशाचा जमाखर्च असाच बांधाबांधावर लिहिला जातो.

गावच्या चर्चामंडळासाठी प्रश्न

१. परवान्याखाली उत्पादन आणि भागीतले उत्पादन यांत फरक कोणता?

२. रुपयाच्या खात्याची पद्धत तेव्हा चालली, आज का अडली?

३. आपल्या शेतीतल्या कोणत्या तीन वस्तू परदेशातून येतात? त्यांपैकी कोणती कमी करता येईल?

४. आपण स्वतः एकाच दुकानावर, एकाच वाणावर वा एकाच पिकावर किती विसंबून आहोत?