गिटारचा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर : निवड, बांधणी आणि दुरुस्ती

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना आवाजाचे महत्त्व सांगायला नको. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची माणसे जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (निधन २००२) यांच्या पिढीने खड्या गळ्यावर आणि ढोलकीच्या थापेवर माळरान जागते ठेवले. आता फडाच्या बोर्डावर ढोलकीच्या शेजारी विजेवर चालणारी वाद्ये आली आहेत, आणि आपल्या स्नेहसंमेलनात गिटार घेतलेला विद्यार्थी दिसला नाही असे सहसा होत नाही. या साऱ्यांचा आवाज शेवटी एका पेटीच्या हवाली असतो. सुपारी एका रात्रीची असते. ऐन रंगात पेटी मुकी झाली तर प्रेक्षक थांबत नाहीत आणि कलावंताचे नुकसान भरून येत नाही. म्हणून ही पेटी निवडावी कशी, बांधावी कशी आणि बिघडली तर पाहावी कोठे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विज्ञानशाखेच्या वाचकांना यातील काही भाग परिचित वाटेल. त्यांनी तो चाळून पुढे जावे.

तारेपासून स्पीकरपर्यंत

इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. तार कंप पावली की वेटोळ्यात अगदी क्षीण विद्युद्दाब निर्माण होतो. तो व्होल्टच्या काही दशांशापेक्षा सहसा अधिक नसतो. स्पीकरचा कागदी शंकू हलवायला मात्र कित्येक व्होल्ट आणि एखाददुसरा अँपिअर लागतो. ही तफावत भरून काढण्याचे काम तीन भाग करतात : क्षीण संकेत उचलून घेणारा पहिला टप्पा म्हणजे प्रीॲम्प्लिफायर, स्पीकरला जोर देणारा पॉवर विभाग आणि या दोहोंना वीज पुरवणारा सप्लाय.

पूर्वी हे काम काचेचे व्हॉल्व्ह करीत. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी ट्रान्झिस्टर दाखवला. १९५६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना शॉकलेसह मिळाले. व्हॉल्व्हला शेकडो व्होल्टचा दाब आणि तापायला वेळ लागतो, शिवाय ते काचेचे. ट्रान्झिस्टर वीस-पंचवीस व्होल्टवर तत्काळ काम करतो आणि टेंपोतून खडबडीत रस्त्याने नेला तरी फुटत नाही. व्हॉल्व्हची पेटी मर्यादेपलीकडे ताणली तर तिचा आवाज हळूहळू भरड होतो आणि तो गिटारवाल्यांना आवडतो. ट्रान्झिस्टरची पेटी मर्यादा ओलांडताच एकदम फाटते. परंतु किंमत, वजन आणि दुरुस्तीची सोय पाहता आपल्या भागात ट्रान्झिस्टरचीच पेटी अधिक व्यवहार्य ठरते.

या साखळीत पहिला टप्पा सर्वांत महत्त्वाचा. तेथे शिरलेली खरखर पुढचे सगळे टप्पे संकेताबरोबरच वाढवीत नेतात. ती मागाहून काढता येत नाही. या नियमाचे भव्य उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्या आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपतात आणि त्यांचे कमी खरखरीचे ॲम्प्लिफायर तबकडीच्या नाभीपाशीच बसवलेले असतात. संकेत लांब केबलमधून जाण्याआधीच तो स्वच्छ उचलून घ्यावा, हा त्यामागचा हेतू. गिटारच्या पेटीलाही हेच तत्त्व लागू आहे.

निवड करताना

पहिला प्रश्न ‘किती वॅट?’ हा विचारला जातो. तो पहिला नसावा. वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही. तो फक्त ३ डेसिबलने चढतो, आणि तेवढा फरक कानाला बेताचाच जाणवतो. एक उदाहरण घेऊ. एखादा स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ९५ डेसिबल आवाज देतो असे समजा. ३२ वॅट म्हणजे पाच वेळा दुप्पट, अर्थात १५ डेसिबलची भर. म्हणजे ११० डेसिबल झाले. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की साधारण ६ डेसिबल कमी होतात. ३२ मीटरवर, म्हणजे पाच दुपटींनंतर, ३० डेसिबल गेले आणि ८० उरले. आता याच पेटीला ९८ डेसिबलचा स्पीकर लावला, तर ६४ वॅटची पेटी घेतल्याइतकाच लाभ होतो. म्हणून वॅटमागे धावण्यापूर्वी स्पीकर पाहावा.

दुसरी गोष्ट इनपुटची. गिटार थेट सभागृहाच्या माइकच्या सॉकेटात खोचली की तिचा आवाज दबलेला आणि निस्तेज येतो. गिटारच्या वेटोळ्याला १० लाख ओहम, म्हणजे १ मेगओहमच्या आसपासचा इनपुट रोध मानवतो. माइकच्या इनपुटचा रोध त्याहून फारच कमी असतो आणि गिटारचे वरचे सूर तेथेच गिळले जातात. पेटी घेताना गिटारसाठी वेगळे इनपुट आहे का, हे पाहावे. गिटार आणून, आवाज अर्ध्यावर आणि मग पूर्ण चढवून, तार न छेडता किती घरघर येते तेही ऐकावे.

आवाजाला कायद्याचीही मर्यादा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. ठरावीक दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंतची सवलत शासन देऊ शकते.

स्वतः बांधायची असेल तर

सरावाच्या खोलीसाठी १० वॅट पुरेत. टीडीए२०३०ए हे पाच पायांचे आयसी यासाठी सोयीचे आहे. सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात.

१२-०-१२ व्होल्टचा, २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. १२ ला १.४१४ ने गुणून डायोडचे ०.७ वजा केले की दोन्ही बाजूंना सुमारे १६ व्होल्ट मिळतात. येथे एक स्थानिक अडचण लक्षात ठेवली पाहिजे. शेतातल्या मोटारी बंद झाल्या की लाइनचा दाब चढतो. २३० चे २५० झाले तर हेच १६ व्होल्ट १७.७ होतात. साध्या टीडीए२०३० ची मर्यादा १८ व्होल्ट, म्हणजे जेमतेम काठावर. शेवटी ‘ए’ अक्षर असलेल्याची २२. म्हणून ‘ए’च घ्यावा.

या आयसीची धातूची पाठ आतून ऋण पुरवठ्याला जोडलेली असते. तो हीट सिंकवर बसवताना मध्ये अभ्रकाची चकती घालावी आणि स्क्रूलाही प्लास्टिकची टोपी घालावी. नाहीतर सिंक पेटीच्या धातूला टेकताच शॉर्ट होईल. गिटारच्या पहिल्या टप्प्यासाठी टीएल०७२ हे कमी खरखरीचे आयसी वापरावे, त्याला ७८१२ आणि ७९१२ या रेग्युलेटरांतून १२-१२ व्होल्ट द्यावेत आणि इनपुटवर १ मेगओहमचा रोध ठेवावा. सर्व भागांच्या ग्राउंडच्या तारा एकाच बिंदूवर आणाव्यात. ट्रान्सफॉर्मर पेटीच्या एका टोकाला आणि इनपुटचा जॅक दुसऱ्या टोकाला असावा. निम्मी घरघर एवढ्यानेच टळते.

दुरुस्तीचा क्रम

पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढावा. फिल्टरचे मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले राहतात. १०० ओहम, ५ वॅटचा रोध त्यांच्या दोन टोकांना काही क्षण धरून ते रिकामे करावेत आणि मीटरने खात्री करून घ्यावी.

फ्यूज जळाला असेल तर जाड तार घालून पेटी चालू करू नये. आपल्याकडचे जुने कारागीर वापरतात तो सिरीज बल्ब येथे फार उपयोगी आहे. ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब पेटीशी सिरीजमध्ये जोडावा. चालू करताच तो क्षणभर उजळून मंद झाला तर कपॅसिटर भरले आणि पुढे शॉर्ट नाही. तो लखलखीत पेटलेलाच राहिला तर कोठेतरी शॉर्ट आहे. तो बहुधा डायोडमध्ये किंवा शेवटच्या पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये सापडतो. जुन्या पेट्यांत गोल धातूचे २एन३०५५ असतात. तो सर्किटबाहेर काढून त्याचे अंग, म्हणजे कलेक्टर, आणि एमिटरचा पाय यांमध्ये मीटरने जवळजवळ शून्य ओहम दाखवला तर तो गेला असे समजावे.

नवा घातल्यावर लगेच स्पीकर जोडू नये. दुहेरी सप्लायच्या पेटीत स्पीकरच्या टोकांवरील डीसी व्होल्टेज आधी मोजावे. ते शून्याच्या आसपास, फार तर काही दहा मिलिव्होल्ट असावे. तेथे दहा-वीस व्होल्ट दिसले तर तो डीसी स्पीकरची कॉइल जाळील.

फ्यूज शाबूत असून घरघर येत असेल तर ती नीट ऐकावी. फिल्टर कपॅसिटर कमजोर झाला की १०० हर्ट्झची काहीशी कर्कश घरघर येते आणि आवाजाचे बटण फिरवले तरी ती कमी होत नाही. केबलची जाळी तुटली किंवा अर्थची दुहेरी वाट झाली की येते ती ५० हर्ट्झची खोल गुणगुण. बटण फिरवताना खरखर झाली तर व्हॉल्यूमचा पॉट मळलेला. पेटीवर थाप मारल्यावर आवाज येतो-जातो तेव्हा कथलाचा डाग सुटलेला असतो. भीमाशंकरकडच्या डोंगरपट्ट्यात पावसाळाभर हवा ओली असते. तेथे जॅकचे संपर्क काळे पडणे हाच नेहमीचा बिघाड.

अर्थची पिन

घरघर घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन तोडण्याचा प्रघात आहे. घरघर जाते, परंतु माणसाचे संरक्षणही जाते. गिटारच्या तारा पेटीच्या धातूला जोडलेल्या असतात. पेटीत लाइनची वायर धातूला लागली आणि अर्थ नसला, तर वादकाच्या बोटांत २३० व्होल्ट येतात. त्याचे ओठ माइकला लागले की प्रवाह छातीतून जातो. माइकच्या बाजूचा अर्थ गेला तरी धोका तोच. स्टोन द क्रोज या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वे १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे अर्थ नसलेल्या माइकला हात लागून रंगमंचावरच मृत्यू पावला.

म्हणून संमेलनाच्या किंवा जत्रेच्या दिवशी वायरमनकडून रंगमंचावरील प्रत्येक सॉकेट तपासून घ्यावे. फेज आणि अर्थ यांमध्ये २३० च्या जवळपास आणि न्यूट्रल व अर्थ यांमध्ये अगदी थोडे व्होल्ट दिसले पाहिजेत. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर त्याचाही अर्थ जमिनीत पुरलेला आहे ना, हे पाहावे. गिटार आणि माइक यांच्या पेट्या एकाच बोर्डावरून चालवाव्यात. आपल्या संमेलन समितीने एक मल्टिमीटर आणि एक सिरीज बल्बचा बोर्ड कायमचा संग्रही ठेवावा, अशी सूचना करावीशी वाटते. त्याला खर्च फारसा नाही, आणि तो वापरायला दोन विद्यार्थी दरवर्षी शिकले तरी गावच्या जत्रेपर्यंत ही माहिती आपोआप पोहोचेल.