रणगाड्यांपुढे चिमुकले

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा, मुलगी आठ. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय त्यांना दाखवावं का? भीती वाटेल का?

उत्तर : जरूर दाखवा. एवढ्या वयाला रणगाडा म्हणजे भलंमोठं यंत्र. भीती वाटते ती बहुधा आपल्या वर्णनांची. बरेच रणगाडे उघड्यावर आहेत, त्यामुळे सकाळीच जा. दुपारी लोखंड चटके देतं. टोप्या, पाणी आणि मोठ्यांचं ओळखपत्र सोबत असू द्या.

सगळेच रणगाडे दाखवायचा हट्ट नको. पॅटन रणगाड्यापाशी मात्र रेंगाळा. १९६५ च्या भारत-पाक युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं आणि पाकिस्तानचे पॅटन चिखलात रुतले, ही गोष्ट मुलांना फार आवडते. त्याच लढाईत आपले जवान अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने रणगाडे उडवले, हेही सांगा. मुलीने ‘आतली माणसं मेली का?’ विचारलं, तर ‘हो, काही मेली’ एवढंच खरं उत्तर द्या. धाकट्याला पट्ट्यांमधली चाकं मोजू द्या. वर मात्र चढू देऊ नका. धाकटा कंटाळला, की सरळ बाहेर पडा.